पार्श्वभूमी: घरचा कॉम्प्युटर आणि आठव्या जनरेशनची अट

सोलापुरात बारावीचा निकाल लागला की कॉम्प्युटरच्या दुकानांत कोटेशन मागणाऱ्यांची रीघ लागते. त्यानंतरचा हंगाम दसऱ्याचा आणि दिवाळी पाडव्याचा. या गर्दीत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "ह्याच्यावर अकरा चालतंय का ओ?" अकरा म्हणजे मायक्रोसॉफ्टची विंडोज 11, कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि घरात व्यवस्थित चालणारी कितीतरी यंत्रं एका दिवसात 'जुनी' ठरली. नवं घ्यायचं की रिफर्बिश्ड (वापरून सोडलेलं, ठीकठाक करून विकलेलं), आणि प्रोसेसरच्या कितव्या जनरेशनचं, म्हणजे पिढीचं, या चर्चेमागे तीसेक वर्षांचा व्यवहार आहे. ज्यावर आजही एकमत नाही असा एक निर्णयही त्यामागे आहे.

सुरुवातीचा काळ असेंबल्डचा, म्हणजे सुटे पार्ट जोडून बनवलेल्या सेटचा. नव्वदच्या दशकात पेंटियमचा सेट चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जायचा आणि ब्रँडेड त्याहून महाग. असेंबल करून देणारा माणूस रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायचा, लॅमिंग्टन रोडवर पार्ट घ्यायचा आणि दुसऱ्या रात्री परत फिरायचा. नाहीतर पुणे होतंच. 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झाली. सरकारी नोकरीत संगणक अर्हता सक्तीची झाली, ती नसेल तर वेतनवाढ अडू लागली, तेव्हा कॉम्प्युटर शिक्षक आणि कारकुनांच्या घरात शिरला. भारत 1997 मध्ये माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला होता. त्यानुसार संगणकावरचं आयात शुल्क 2005 पर्यंत शून्यावर आलं आणि पार्ट आवाक्यात आले. त्याच सुमारास भारनियमनाने कहर केला होता, त्यामुळे सेटच्या किमतीत यूपीएस धरूनच बोलणी व्हायची.

त्या काळातली दोन वैशिष्ट्यं अजून टिकून आहेत. एक म्हणजे कोटेशन. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांच्या ओळी ठळक, आणि खाली एकाच ओळीत 'कॅबिनेट विथ एसएमपीएस', म्हणजे डबा आणि त्यातला वीजपुरवठ्याचा भाग. एसएमपीएस किती वॅटचा, कुठल्या कंपनीचा, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, आणि सेट बंद पडला की दोष निघतो नेमका तिथेच. दुसरं, शहराच्या पूर्व भागातली, यंत्रमागांच्या वस्तीतली हवा. ज्या घरात खाली यंत्रमाग आणि वर राहणं, तिथे कॅबिनेट उघडलं की प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पट्ट्यांवर कापसाच्या तंतूंचा पांढरा थर बसलेला असतो, बोटाने उचलला तर नमद्यासारखा अख्खा निघतो. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे. "हँग होतंय, नवीन घ्यावं का?" असं विचारत आलेलं यंत्र निव्वळ ब्लोअर मारून आणि प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी नवी पेस्ट लावून ताळ्यावर आलेलं इथल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याने पाहिलं आहे. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हे एवढं करून बघायलाच हवं.

रिफर्बिश्डची लाट नंतरची. पुण्या-बंगळुरू-हैदराबादच्या कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रं बदलतात, आणि सोलापूर पुणे-हैदराबाद महामार्गावरच आहे. 8 एप्रिल 2014 ला विंडोज एक्सपीचा पाठिंबा संपला तेव्हा जुने पेंटियम एकदम बाजूला पडले आणि त्यांच्या जागी कंपन्यांतून उतरलेली चौकोनी, जड, मजबूत डेस्कटॉप यंत्रं आली. यातल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज 7 प्रोफेशनलचं स्टिकर असायचं. विंडोज 10 वर मोफत जाण्याची सवलत जाहीरपणे 29 जुलै 2016 पर्यंतच होती. प्रत्यक्षात स्टिकरवरचा जुना परवाना क्रमांक सप्टेंबर 2023 पर्यंत चालत राहिला. म्हणजे दहा-बारा हजारांच्या सेटवर अस्सल, चालू विंडोज मिळत होती. 'विंडोज मारून देतो' म्हणून चोरीची प्रत टाकण्याच्या जुन्या रिवाजातून पुष्कळ घरं या मार्गाने बाहेर आली, याची दखल फारशी कुणी घेत नाही. त्यात एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण, स्वस्त झाली. हार्डडिस्क काढून 240 जीबीची एसएसडी टाकली की इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-5 प्रोसेसर नव्यासारखा उघडायचा. 2020 मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा सोलापुरातल्या अनेक घरांना याच यंत्रांनी तारलं.

आता मूळ वादाकडे. 24 जून 2021 ला विंडोज 11 ची घोषणा झाली आणि सोबत अटींची यादी आली. 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, यूईएफआय आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू करणारी नवी व्यवस्था आणि तिची सुरक्षा तपासणी) इथवर कुणाची तक्रार नव्हती. चौथी अट टीपीएम 2.0 ची, म्हणजे पासवर्ड-किल्ल्या वेगळ्या सुरक्षित जागी ठेवणाऱ्या व्यवस्थेची. यावर गोंधळ झाला, कारण ही सोय अनेक मदरबोर्डमध्ये असते पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. तपासणीसाठी दिलेलं अ‍ॅप 'चालणार नाही' एवढंच सांगायचं, का ते सांगायचं नाही. टीका झाल्यावर ते काही काळ मागे घ्यावं लागलं.

खरी कळीची अट पाचवी, प्रोसेसरच्या यादीची. इंटेलची साधारण आठवी जनरेशन आणि पुढे, एएमडी कंपनीच्या रायझनची 2000 मालिका आणि पुढे. सातव्या जनरेशनचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी 2017 मध्ये बाजारात आले होते. म्हणजे त्या वर्षी नवा कोरा सेट घेणाऱ्याला चार-साडेचार वर्षांतच कळलं की आपलं यंत्र पुढच्या विंडोजसाठी अपात्र आहे. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बऱ्याच यंत्रांत टीपीएम 2.0 ची सोय आहे, बायोसमध्ये चालूही करता येते, तरी दार बंदच.

मायक्रोसॉफ्टची बाजू अशी: नव्या प्रोसेसरमध्ये सुरक्षेची काही कामं हार्डवेअरच करतं, जुन्यात ती सॉफ्टवेअरवर पडतात आणि यंत्र मंदावतं, शिवाय चाचण्यांत अटींत न बसणाऱ्या यंत्रांवर कर्नल पातळीवरचे, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातले, क्रॅश 52 टक्के जास्त आढळले. हे मुद्दे पोकळ नाहीत. आठवी जनरेशन ही प्रत्यक्षातही मोठी उडी होती. लॅपटॉपमधला सातव्या जनरेशनचा आय-5 7200यू दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), तर आठव्यातला 8250यू चार कोअरचा. डेस्कटॉपच्या आय-3 मध्येही दोनाचे चार कोअर तिथेच झाले.

पण त्याच यादीत सेलेरॉन एन4020 बसतो आणि आय-7 7700 बसत नाही. पहिला दोन कोअरचा, स्वस्त लॅपटॉपमधला. दुसरा चार कोअर, आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळणारा, त्याच्या कितीतरी पट काम ओढणारा. दुकानात येणाऱ्या पालकाला हे कसं समजावणार? तो ऐकतो 'अकरा चालतं' आणि 4 जीबी रॅमचा सेलेरॉन लॅपटॉप घेऊन जातो. मुलगी कोडिंगला बसते आणि पहिल्याच सत्रात रडकुंडीला येते. मला हा निर्णय सुरक्षेच्या हेतूने समजतो, पण ज्या शहरात घरचा पहिला कॉम्प्युटर बहुधा कुणीतरी वापरून सोडलेला असतो, तिथे त्याची झळ कुणाला बसणार याचा विचार त्या यादीत दिसत नाही.

दुसरा घोळ 'आय-5' या नावाचा. 2009 पासून हे नाव चालू आहे, त्यामुळे पंधरा वर्षांचं यंत्रही आय-5 आणि कालचंही आय-5. जाहिरातीत मोठ्या अक्षरात तेवढंच छापतात. जनरेशन कळते ती पुढच्या आकड्यावरून. 4570 चौथी, 6500 सहावी, 8400 आठवी, 10400 दहावी. सहावा आय-5 घेण्यापेक्षा आठवा आय-3 घ्यावा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आजच्या घडीला व्यवहाराचं तेच आहे. डिसेंबर 2023 पासून 'कोअर अल्ट्रा' आलं आणि नावातला 'आय' गेला, त्यामुळे लॅपटॉप घेताना पुन्हा नव्याने पाढे शिकावे लागतात.

अट चुकवायच्या वाटाही निघाल्या. 'बायपास करून अकरा मारून देतो' हे आता राजरोस बोललं जातं. पेनड्राइव्ह तयार करतानाच टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी काढून टाकता येते, यंत्र चालतंही. पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि 24एच2 या आवृत्तीपासून कोअर टू ड्युओसारखे फार जुने प्रोसेसर सुरूच होत नाहीत. हे ग्राहकाला सांगून केलं तर ठीक. न सांगता 'विंडोज 11 रेडी' म्हणून विकणं ही फसवणूक आहे. घेण्यापूर्वी विंडोजचं बटण आणि आर दाबून tpm.msc टाकावं, आवृत्ती 2.0 दिसते का पाहावं, आणि सिस्टिमच्या पानावरचा प्रोसेसरचा पूर्ण आकडा पक्क्या बिलावर लिहून घ्यावा.

ज्यांच्याकडे आधीपासून सहावी-सातवी जनरेशन आहे, त्यांना लगेच धावायचं कारण नाही. विंडोज 10 साठी वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरकर्त्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आहे. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा जुने मराठी फॉन्ट लागत असतील तर तो रस्ता अवघड आहे.

नवं घेणाऱ्याला मात्र वेगळीच अडचण आली आहे. 2025 च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन आपल्याकडे ओढून घेतलं. थायलंडच्या 2011 च्या पुरानंतर हार्डडिस्कचं असंच झालं होतं, पण तेव्हा कारखाने पूर्ववत झाले की भाव उतरणार हे माहीत होतं. आता नवा सेट 8 जीबीवर घेऊन 'पुढे वाढवू' म्हणण्यात धोका आहे. मदरबोर्डला रॅमचे दोन स्लॉट आहेत ना आणि त्यातला एक रिकामा आहे ना, हे तरी पाहावंच. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे नंतर वाढवता येत नाही.

दरम्यान कंपन्यांतून 2018-19 ची यंत्रं उतरू लागली आहेत. ती आठव्या-नवव्या जनरेशनची, अटीत बसणारी, आणि अनेकदा आत 8 किंवा 16 जीबी रॅम आधीच असलेली.