आरओच्या पाण्यात क्षार राहणे

घरच्या आरओ मशीनचा लाइट लागलाय, टाकी भरतेय, तरी पाण्यात क्षार, वास किंवा जंतू शिल्लक राहतायत, असा हा बिघाड. बोअरचं पाणी असलेल्या घरांत जास्त होतो, आणि कळतो स्वयंपाकघरात. पाणी उकळलं की पातेल्याच्या कडेला पांढरा थर धरतो, चहा मचूळ लागतो.

अशा वेळी बरेच जण थेट मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, बदलतात, पण त्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलीग्रॅम आहेत ते, मीटरने मोजून बघावं. आत येणारं पाणी 1200 आणि बाहेर येणारं 100 च्या आसपास असेल तर मेंब्रेन ठणठणीत आहे, 300 आलं तर कुठेतरी गडबड आहे. रात्रभर बंद असलेल्या मशीनचं सकाळचं पहिलं पाणी मोजू नये, मशीन बंद असताना क्षार मेंब्रेनमधून हळूहळू पलीकडे जातात त्यामुळे आकडा उगाच जास्त येतो, पाच-दहा मिनिटं चालू द्यावं मग मोजावं.

आता मुख्य गोष्ट, कित्येक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, छोटा स्क्रू, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतो. तो पूर्ण बंद करून पुन्हा मोजा. आकडा धाडकन खाली आला तर मेंब्रेनचा दोष नाहीच, स्क्रू जास्त उघडा राहिलाय. तरीही खाली आला नाही तर मेंब्रेनचं हाउसिंग उघडून काळी रबरी रिंग बघावी, ती चिरली किंवा जागेवरून सरकली की कच्चं पाणी बाजूने निसटून शुद्ध पाण्यात मिसळतं. रिंग धड असेल तर पंपाचं प्रेशर आणि वेस्ट पाण्याची धार बघायची. धार अगदी बारीक झाली असेल तर क्षार बाहेर न जाता मेंब्रेनवरच साचतायत.

मेंब्रेन लवकर जाण्याचं एक कारण कार्बन फिल्टर वेळेवर न बदलणं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कार्बनने धरलं नाही की ते मेंब्रेन खातं, आणि ते नुकसान धुऊन भरून येत नाही.

टीडीएस कमी आला म्हणजे पाणी पिण्यालायक झालं असं मात्र समजू नये. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात टीडीएस लिटरला 500 मिलीग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर 2000, पण मीटरला जंतू दिसत नाहीत. टाकीच्या आतून बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर टाकी घासून धुवायलाच हवी, आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा खरंच पेटतोय का तेही बघावं. जंतूंसाठी एच-टू-एस कुपी मिळते, त्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पाणी पिऊ नये.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरला फ्लोराइड आहे, त्याची मर्यादा लिटरला 1 मिलीग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5, म्हणजे टीडीएसच्या आकड्यात ते हरवूनच जातं. तिथे मशीनमधून आलेलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्यावं, निव्वळ बोअरचं नाही.