मागे फिरणारं केंद्रक: क्लोनिंगची पार्श्वभूमी

वाढलेल्या मेंढीच्या पेशीपासून केलेली तिची क्लोन, म्हणजे डॉली मेंढी, १९९६ साली जन्मली, पण तिने ज्या प्रश्नाचा निकाल लावला तो एकोणिसाव्या शतकातला होता. एका फलित अंड्यापासून त्वचेच्या, यकृताच्या, मज्जातंतूंच्या अशा नाना तऱ्हांच्या पेशी घडतात. यकृताची पेशी यकृताचीच का राहते? बाकीच्या अवयवांच्या सूचना ती गमावून बसते, की त्या केंद्रकात, म्हणजे पेशीच्या आनुवंशिक सूचना सांभाळणाऱ्या गाभ्यात, असतात, पण मिटलेल्या? जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांना पहिली शक्यता खरी वाटत होती. दर विभाजनागणिक आनुवंशिक ठेवा वाटला जातो आणि शेवटी पेशीकडे स्वतःपुरता वाटा उरतो, असं ते म्हणत. हे खरं असेल तर वाढलेल्या पेशीपासून पूर्ण प्राणी होणे नाही.

हान्स ड्रीश यांनी १८९२ च्या सुमारास सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचा दोन पेशींचा भ्रूण हलवून हलवून सुटा केला. दोन्ही पेशींपासून लहानखुरी, पण पूर्ण अळी झाली. सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या पेशी अशा सहज सुटत नाहीत, म्हणून हान्स स्पेमान यांनी तान्ह्या बाळाच्या केसाचा फास केला. १९२८ मध्ये त्यांनी नुकत्याच फळलेल्या अंड्याभोवती हा फास असा आवळला, की केंद्रक एका बाजूला राहिलं आणि दुसऱ्या बाजूला नुसता पेशीद्रव. केंद्रकाच्या बाजूला १६ पेशी झाल्यावर फास जरा सैल केला, एक केंद्रक पलीकडे सरकू दिलं आणि फास पुन्हा घट्ट केला. पलीकडच्या तुकड्यापासूनही धडधाकट सॅलमँडर झाला. चार विभाजनांनंतरचं केंद्रक अजून पूर्ण होतं. आणखी वाढलेल्या पेशीचं केंद्रक रिकाम्या अंड्यात घालून पाहावं, असं त्यांनी १९३८ मध्ये सुचवलं, पण तसं करण्याची रीत तेव्हा कोणाकडेच नव्हती.

ती रीत १९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकावर बसवली. भ्रूण अगदी कोवळा असेल तर त्याचं केंद्रक काम देई, जसजसा तो वाढे तसतसं अपयश वाढे. वाइझमान बरोबर होते की काय, असं वाटण्याजोगा हा निकाल होता. ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन यांनी दुसऱ्या जातीचा बेडूक घेतला, अंड्याचं स्वतःचं केंद्रक अतिनील किरणांनी नष्ट केलं आणि तिथे टॅडपोलच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या, आतड्यातल्या पेशीचं केंद्रक ठेवलं. १९६२ च्या त्यांच्या निबंधात ७२६ रोपणांतून १० टॅडपोल खाण्यापिण्याच्या अवस्थेपर्यंत पोचले. पुढे अशा केंद्रकांपासून प्रजननक्षम बेडूकही झाले. तरी एक खोच राहिली: प्रौढ बेडकाच्या पेशी वापरल्या की वाढ टॅडपोलपाशी थांबे. प्रौढापासून प्रौढ कोणीच केला नव्हता.

सस्तन प्राण्यांत अडचण आकारापासून सुरू होते. बेडकाचं अंडं मिलिमीटरभर असतं, मेंढीची अंडपेशी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. १९८४ मध्ये जेम्स मॅकग्रा आणि डाव्होर सोल्टर यांनी उंदरांवरच्या अपयशानंतर जाहीर केलं, की सस्तन प्राण्यांचं असं क्लोनिंग जैविकदृष्ट्या अशक्य आहे. चूक अंडपेशीच्या निवडीत होती. ते फलित अंड्यातून केंद्रकं काढत होते, आणि आलेल्या केंद्रकाला पुन्हा प्रारंभावर नेणारे घटक त्या काढलेल्या केंद्रकांबरोबर बाहेर जात होते. त्याच सुमाराला स्टीन विलाडसेन यांनी फलन न झालेली अंडपेशी वापरली आणि भ्रूणपेशींपासून कोकरं जन्माला घातली.

एडिंबरोजवळच्या रॉस्लिन संस्थेत इयन विल्मट यांच्या गटात कीथ कॅम्पबेल होते. पेशी आणि अंडपेशी यांची घड्याळं जुळली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. वाढणारी पेशी डीएनएची नक्कल करत असतानाच अंडपेशीत घातली तर गुणसूत्रं विस्कटतात. म्हणून पेशींना उपाशी ठेवायचं. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशींना पोसणारं सीरम (रक्तातला द्रव) १० टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणून त्या पाच दिवस तशाच ठेवल्या. विभाजन थांबून पेशी शांत झाल्या.

पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखालचं. एका जाड नळीने अंडपेशी हलक्या ओढीने धरून ठेवायची आणि दुसऱ्या बारीक नळीने तिची गुणसूत्रं थोड्याशा पेशीद्रवासकट शोषून घ्यायची. गुणसूत्रं साध्या नजरेला दिसत नाहीत, म्हणून रंगद्रव्य टाकून ती निघाल्याची खात्री करून घेतात. जास्त द्रव गेला तर अंडपेशी कमजोर होते, गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला तर सगळंच वाया. मग कासेची पेशी कवचाच्या आत, अंडपेशीला खेटून ठेवायची आणि विजेचे अतिशय आखूड धक्के द्यायचे. त्या धक्क्यांनी दोन्ही पेशी एक होतात आणि फलन झाल्याची समजूत होऊन अंडपेशी कामालाही लागते.

अशा जुळलेल्या पेशी २७७ होत्या. त्यांतले २९ भ्रूण १३ मेंढ्यांत ठेवले. ५ जुलै १९९६ रोजी एक कोकरू जन्मलं, तीच डॉली. वाढवणारी मेंढी काळ्या तोंडाची आणि कोकरू पांढऱ्या तोंडाचं, त्यामुळे ते कोणाचं हे बघताच कळत होतं. २७६ कोकरं मेली असं अनेकदा लिहिलं जातं, ते खरं नाही. बहुतेक पेशी भ्रूण होण्याआधीच थांबल्या. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो या प्रयोगाच्या निबंधातला दुसरा आकडा. भ्रूण, गर्भ आणि प्रौढ अशा तिन्ही स्रोतांचे क्लोन धरून, सोनोग्राफीत दिसलेल्या गर्भांपैकी ६२ टक्के पुढे गाभडले. नैसर्गिक मिलनात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास असतं.

कारण पेशीला आपल्या जुन्या कामाचा अर्धवटच विसर पडतो. डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणा काही तासांत पुसल्या जाव्या लागतात, आणि काही राहतात. त्याचा फटका सर्वांत आधी वारेला (प्लॅसेंटाला) बसतो. गायी-मेंढ्यांत वार नीट जुळत नाही, गर्भाभोवती पाणी साठतं, वासरू अवाजवी मोठं होतं, नाळ जाड होते. व्यायला त्रास होतो, मादीचाही जीव धोक्यात येतो. डॉलीचा मृत्यू (१४ फेब्रुवारी २००३) मात्र या यादीत घालू नये. तिला मेंढ्यांमधल्या एका विषाणूमुळे फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. ती ज्या पेशींपासून झाली त्याच पेशींपासून केलेल्या चार मेंढ्या २०१६ च्या तपासणीत वयाच्या मानाने निरोगी आढळल्या.

डॉलीची बातमी फेब्रुवारी १९९७ मध्ये फुटली आणि चर्चा लगेच माणसावर गेली. जानेवारी १९९८ मध्ये युरोप परिषदेने मानवी क्लोनिंगवर बंदीचा करार सहीसाठी ठेवला, ब्रिटनने २००१ मध्ये कायदा केला. संयुक्त राष्ट्रांचा मार्च २००५ चा ठराव ८४ विरुद्ध ३४ मतांनी झाला, ३७ देश तटस्थ राहिले, आणि तो बंधनकारक नाही. मतभेद मूल जन्माला घालण्यावर फारसा नव्हता. उपचारासाठी क्लोन भ्रूण करून काही दिवसांत त्याच्या मूलपेशी (कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या पेशी) काढाव्यात का, यावर देश फुटले.

लोकांना भीती होती ‘प्रती’ची. ती फाजील होती. टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये जन्मलेलं पहिलं क्लोन मांजर आपल्या तिरंगी मूळ मांजरीसारखं दिसलंच नाही, कारण मांजरींत रंगाचं जनुक असलेल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी कोणतं बंद व्हावं हे पेशीपेशीत वेगळं ठरतं. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए अंडपेशीकडून येतो. एकसारखी जुळी भावंडं क्लोनपेक्षा परस्परांच्या जवळची असतात.

खरा आक्षेप अंडपेशी कोण देतं, हा आहे. कोरियात ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये मानवी क्लोन भ्रूणांपासून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला. तो खोटा निघाला, दोन्ही निबंध जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले गेले. चौकशीत दिसलं, की शंभराहून अधिक स्त्रियांच्या दोन हजारांवर अंडपेशी वापरल्या होत्या, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक होत्या. अंडपेशी देण्यासाठी हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, कधी अंडाशय सुजून पोटात पाणी साठतं. वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणं जिच्या हातात नाही तिची संमती संमती धरता येत नाही.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांनी मूलपेशींसारख्या केल्या, अंडपेशीशिवाय. उपचारासाठी क्लोनिंगची निकड बरीच ओसरली. मानवी क्लोन भ्रूणापासून मूलपेशी खरोखर मिळाल्या त्या २०१३ मध्ये, ओरेगॉनमध्ये शौख्रात मितालिपोव यांच्या गटाला. अंडपेशी अवेळी जागी होऊ नये म्हणून त्यांनी कॅफीन वापरलं.

माकडांचे आकडे माणसाच्या सर्वांत जवळचे. शांघायमध्ये २०१७ च्या अखेरीस गर्भाच्या पेशींपासून मकाक जातीच्या माकडांची दोन पिल्लं झाली, २१ माद्यांत ७९ भ्रूण ठेवून. प्रौढ पेशींपासून १८१ भ्रूण ४२ माद्यांत ठेवले. २२ गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लवकरच गेली. २०२० मध्ये जन्मलेलं रीसस माकड जगलं, कारण क्लोन भ्रूणाचा फक्त आतला पेशीपुंज घेऊन तो साध्या फलनातून झालेल्या भ्रूणाच्या बाहेरच्या आवरणात बसवला होता. वार त्या दुसऱ्या भ्रूणाची झाली. वारेची अडचण अशी सुटते, पण प्रत्येक क्लोनमागे एक निरोगी भ्रूण खर्ची पडतो, आणि तो करायलाही आणखी अंडपेशी लागतात.