क्विझ खेळवणं वेगळं आणि खेळातून जीवशास्त्र शिकवणं वेगळं

आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली सारखे फोटो येतात, आज नववीला गेम घेऊन बायोलॉजी शिकवलं, पोरं एकदम खूश, आणि खाली सगळ्यांचे अंगठे. बघून छानच वाटतं. पण फोटो नीट बघितले की लक्षात येतं की 'गेम' म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालल्यात आणि आपण दोन्हीला एकाच पोत्यात भरतोय. एका वर्गात पोरं पडद्यावरच्या प्रश्नाचं उत्तर पटापट दाबतायत, दुसऱ्या वर्गात पोरं पिशवीतनं बिया काढून कोण जगलं कोण मेलं ते वहीत मांडतायत. दंगा दोन्हीकडं तेवढाच, पण डोक्यात शिरतं ते वेगळं. मी हायस्कूलला विज्ञान भाग २ शिकवते, आणि होतं काय की चुकीच्या धड्याला चुकीचा खेळ लावला जातो, मग महिन्याभरानं टेस्टमध्ये काही दिसत नाही, मग स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं की हे गेम-बिम सगळं टाइमपास, त्यापेक्षा खडू-फळा बरा. ते ऐकून खरंच वाईट वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ओळखायचं कसं? त्या खेळातनं जीवशास्त्र काढा आणि शिवकाळ घाला. खेळ जसाच्या तसा चालला, म्हणजे तोच टायमर, तेच पॉइंट, तीच गुणांची यादी, फक्त प्रश्न बदलले, तर ते क्विझ आहे. आणि जीवशास्त्र काढल्यावर खेळच मोडला, नियमांना काही अर्थच उरला नाही, तर तिथं जीवशास्त्र नियमातच होतं. बास, एवढंच. बाकी मोबाईलवर खेळला का कागदावर, रंगीत आहे का साधा, याचा काही संबंध नाही.

आता क्विझ वाईट असं अजिबात म्हणायचं नाहीये मला. कहूट हे क्विझचं ॲप २०१३ ला नॉर्वेत सुरू झालं, क्विझिझ (२०२५ पासून त्याचं नाव वेग्राउंड) आपल्या बेंगळुरूतलं, आणि ज्या शाळेत पोरांकडं मोबाईल नाहीत तिथं प्लिकर्स फार उपयोगी पडतं, पोरांच्या हातात छापलेली कार्डं द्यायची, उत्तराप्रमाणं कार्ड फिरवून धरायचं आणि मॅडमनी एकाच फोननं सगळा वर्ग स्कॅन करायचा. या सगळ्यांचं काम एकच, आधी शिकलेलं डोक्यातनं बाहेर काढायला लावणं, आणि ते काम लहान नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं होतं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानं विचारलं तर वाचण्याऐवजी आठवून आठवून लिहिणारे पुढं जातात. म्हणजे दहावीचं 'प्राण्यांचे वर्गीकरण' घ्या, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी, कुणाची सममिती कशी, कुणाला देहगुहा आहे कुणाला नाही, हे शेवटी लक्षात ठेवायचंच असतं, तिथं दर चार दिवसांनी पाच मिनिटांचं क्विझ घेतलं तर वाचनाच्या दहापट उपयोग होईल असं मी म्हणणार नाही पण उपयोग नक्की होतो. पेशी अंगकांची नावं आणि कामं, विकरं, तेच.

फक्त एक करा, टायमर बंद करा किंवा भरपूर वाढवा. कारण वेगाला पॉइंट दिले की ज्याचा अंगठा जलद तो वर जातो, आणि वर्गात यादीच्या वरच्या टोकाला तीच चार पोरं आणि खालच्या टोकाला तीच चार असं दिसायला लागतं. खालची पोरं मग विचार करायचं सोडून काहीही दाबतात, लवकर संपावं म्हणून. त्यापेक्षा गटात खेळवा, एका बाकाचं एक उत्तर, आधी तिघांनी बोलायचं मग दाबायचं.

पण क्विझला 'का' विचारता येत नाही, निदान नीट तरी नाही. आणि जीवशास्त्रातले जे धडे पोरांना खरंच अवघड जातात, आनुवंशिकता, उत्क्रांती, परिसंस्था, ते सगळे 'का' चे आहेत. तिथं दुसरा खेळ लागतो.

एक उदाहरण जरा जवळनं सांगते. नववीच्या 'आनुवंशिकता व परिवर्तन' मध्ये सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार येतो. पोरांचा पहिला प्रश्न हमखास असतो, की हा आजार एवढा वाईट आहे तर ते जनुक आजपर्यंत संपलं का नाही? फळ्यावर सांगून हे पटत नाही, पोरं मान हलवतात एवढंच. त्याऐवजी प्रत्येक गटाला एक कापडी पिशवी द्या, त्यात २५ पांढरा घेवडा आणि २५ वाघ्या घेवडा, आपल्या कोरेगावकडचा असतो ना तो रेघारेघांचा. दोन्हीचा आकार सारखा बघून घ्या, नाहीतर पोरं चाचपून ओळखतात. पांढरा म्हणजे साधं जनुक, वाघ्या म्हणजे सिकलचं. न बघता दोन-दोन बिया काढायच्या, प्रत्येक जोडी म्हणजे एक मूल, अशी २५ मुलं. दोन्ही वाघ्या आल्या तर ते मूल आजारी, उपचार नसलेल्या जुन्या काळात ते बहुतेक वेळा मोठं होईपर्यंत जगत नव्हतं, त्या बिया बाहेर. एक पांढरी एक वाघ्या म्हणजे वाहक, ठणठणीत, बिया परत पिशवीत. दोन्ही पांढऱ्या आल्या तर पहिल्या डावात काही नाही, तीही परत. उरलेल्या बियांचं प्रमाण तसंच ठेवून पिशवी पुन्हा ५० ची करायची आणि पुढची पिढी.

पहिल्या डावात काय होतं बघा. वाघ्याचा हिस्सा निम्म्यावरनं तिसऱ्या हिश्श्यावर येतो, मग चौथ्या, मग पाचव्या, अंदाजे हं, प्रत्येक गटाचा आकडा थोडा इकडं तिकडं. पोरं म्हणतात बघा मॅडम, संपत आलं. मग दुसरा डाव, सगळं तेच, फक्त एक नियम नवीन, गावात मलेरिया आहे. दोन पांढऱ्या आल्या की नाणं उडवायचं, छापा पडला तर ते मूल मलेरियानं गेलं. वाहकाला गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण असतं म्हणून त्याला नाणं नाही. आता वाघ्या खाली येतो पण संपत नाही, साधारण तिसऱ्या हिश्श्याशी येऊन तिथंच घुटमळत राहतो. आणि गटागटातनं आवाज यायला लागतात, "मॅडम, आमच्यातलं संपंनाच की ओ!" हा जो प्रश्न आहे ना तो माझ्या तोंडनं नाही, त्यांच्या पिशवीतनं आलेला आहे, आणि मग उत्तर ऐकायला ३५ मिनिटांच्या तासातली शेवटची दहा-बारा मिनिटं पुरतात.

इथं एक गोष्ट मी कटाक्षानं सांगते आणि तुम्हीही सांगा. गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांत आजही सिकलसेलचे पेशंट आहेत, औषधं आहेत, तपासणी आहे, आणि ते लोक जगतात, शिकतात, संसार करतात. खेळात बिया बाहेर काढल्या म्हणून पोरांच्या मनात तसं बसायला नको, आणि वर्गात कुणाच्या घरात हा आजार असू शकतो हेही ध्यानात ठेवावं.

मेंडेलचंही तसंच. ३:१, म्हणजे तीन उंच झाडांमागं एक बुटकं, हे क्विझमध्ये सगळे बरोबर लिहितात आणि त्याच पोरांना विचारलं की चार झाडं लावली तर किती उंच, तर ठामपणे सांगतात तीन. दोघांना दोन नाणी द्या, एकेक नाणं म्हणजे एकेक पालक, एक तरी छापा आला तर झाड उंच, दोन्ही काटे आले तर बुटकं, अशी दोन्ही मिळून २० वेळा उडवायला लावा, कुणाला १५:५ येईल कुणाला १२:८, कुणाला १८:२ सुद्धा. सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर करा, मग ती ३:१ च्या जवळ सरकताना दिसते. त्यानंतर मेंडेलचे स्वतःचे आकडे लिहा, ५४७४ गोल बिया आणि १८५० सुरकुतलेल्या. तो एवढ्या बिया का मोजत बसला असेल हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता यात एक तिसरी भानगड आहे आणि ती मला क्विझपेक्षा जास्त धोक्याची वाटते. नियमात जीवशास्त्र आहे, पण चुकीचं आहे. पोकेमॉन बघा, तिथं एकच प्राणी लढून लढून 'इव्हॉल्व' होतो. सुरवंटाचं फुलपाखरू होणं आणि उत्क्रांती यात पोरं जी गल्लत करतात तिला खतपाणीच. उत्क्रांती एका जीवाची होत नाही, पिढ्यानपिढ्या सगळ्या समूहाची होते, हे पहिलंच वाक्य तिथं उलटं होतं. प्लेग इंक हा २०१२ चा गेम आमच्या दहावीतल्या पोरांना पाठ आहे, साथ कशी पसरते, विमानं, बंदरं, हवामान, हे त्यात बरंच चांगलं दाखवलंय, पण म्युटेशन, म्हणजे जंतूच्या जनुकातला बदल, खेळणारा पॉइंट खर्चून निवडतो आणि जगातल्या सगळ्या रोग्यांत ते एकदम लागू होतं. खऱ्या जंतूला कोण निवडून देतं? म्युटेशन आंधळं असतं, कुठल्यातरी एका जंतूत होतं आणि टिकलं तर पसरतं. माझं मत असं की असे गेम वर्गात जरूर आणावेत पण शेवटी "यात काय खोटं आहे ते शोधा" एवढाच गृहपाठ द्यावा. पोरं हे फार मनापासून करतात कारण त्यांना तो गेम आपल्यापेक्षा जास्त येतो.

मोबाईल-कॉम्प्युटर वापरायचाच असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) हे पडद्यावरच्या प्रयोगांचं, म्हणजे सिम्युलेशन्सचं, संकेतस्थळ बघा, फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालतं, आणि त्यांची बरीच सिम्युलेशन्स मराठीत पण आहेत. त्यातलं नैसर्गिक निवडीचं सशांचं आहे ते एका प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गाला मिळून खेळता येतं, पांढरे ससे, तपकिरी ससे, बर्फाचा प्रदेश का वाळवंट, लांडगे सोडायचे का नाही, आणि बटण दाबायच्या आधी प्रत्येक बाकानं अंदाज लिहायचा. अंदाज लिहायला लावलं नाही तर पोरं नुसते ससे बघत बसतात. हा प्रकार किती लांब जाऊ शकतो याचं उदाहरण म्हणजे फोल्डइट, वॉशिंग्टन विद्यापीठाचा २००८ चा गेम, प्रथिनाची घडी घालायची, नियम सगळे रसायनशास्त्राचे. माकडांत एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना दहाएक वर्षं सुटत नव्हती ती २०११ मध्ये या खेळाडूंनी काही आठवड्यांत सोडवली.

पण सगळ्यात चांगला खेळ आपल्या बांधावर मिळतो. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा (रस शोषणारी कीड) आला तो महाराष्ट्रात पहिल्यांदा आपल्या सांगली जिल्ह्यातच नोंदला गेला, पोरांच्या घरी आजोबांना विचारा, पानं पांढरी कशी झाली होती ते सांगतील. त्यावर कार्डांचा खेळ होतो. काही पोरं ऊस, काही मावा, आणि थोडी पोरं डायफा नि मायक्रोमस, हे मावा खाणारे मित्रकीटक. प्रत्येक फेरीला मावा दुप्पट, मित्रकीटक मावा खाल्ला तरच टिकणार आणि हळूच वाढणार. मग एका गटाला फवारणीचं कार्ड द्या, त्यात मावा बहुतेक जातो आणि मित्रकीटक सगळेच जातात. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत मावा आधीपेक्षा जोरात येतो कारण खाणारं कुणी उरलेलं नसतं. यातनं ऊस काढून तुम्ही पानिपत घालून दाखवा, जमणारच नाही.

मग कुठला कधी? माझ्या मते बियांसारखा, म्हणजे नियमातच जीवशास्त्र असलेला, खेळ धड्याच्या आधी आणि क्विझ धड्याच्या नंतर. खेळून प्रश्न पडल्यावर पुस्तक उघडलं की पोरं उत्तर शोधत वाचतात, आणि शिकून झाल्यावर क्विझ घेतलं की ते टिकतं. उलटं केलं, म्हणजे शिकवायच्या आधी क्विझ, तर पोरं अंदाजपंचे मारतात आणि शिकवून झाल्यावर बिया दिल्या तर 'उत्तर माहितीये मॅडम' म्हणून मन लावत नाहीत. बोर्डाच्या वर्षात वेळ कुठाय असं म्हणाल, तर सगळ्या धड्यांना करूच नका. वर्षात आनुवंशिकता, उत्क्रांती आणि परिसंस्था एवढ्या तीनच ठिकाणी असा खेळ घ्या, बाकी ठिकाणी क्विझ भरपूर झालं. आणि खेळाला जेवढा वेळ निदान त्याच्या निम्मा वेळ बोलायला ठेवा, तो नसेल तर खेळ घेऊ नका असं मी स्पष्ट म्हणेन.

आणि कुठला खेळ कामी आला हे तपासायचं तर व्याख्या विचारू नका, ती दोन्हीकडं येते. द्राक्षाचा प्रश्न टाका. तासगाव-पलूसकडं तर घरोघरी माहितीतला. बागेत भुरीवर (हा बुरशीचा रोग) एकच औषध वर्षानुवर्षं मारलं आणि आता ते लागू पडत नाही, असं का? नुसतं क्विझ झालेल्या वर्गात बहुतेक उत्तरं येतात की भुरीला औषधाची सवय झाली. बिया मोजलेल्या वर्गात निदान काहीजण तरी लिहितात की थोडी भुरी आधीपासूनच औषधाला दाद न देणारी होती, बाकीची मेली, हिची पिलावळ वाढली. आणि मग त्यातलं एखादं पोरगं पुढं होऊन विचारतं, मॅडम, मग आमच्या पप्पांनी औषध बदलून बदलून मारायला पाहिजे का? त्याला हो म्हणून सांगा, आणि नुसतं कंपनीचं नाव बदलून चालत नाही, आतला घटक लेबलवर बघून तो वेगळ्या गटातला आहे ना याची खात्री करायची, हेही सांगा.