तीन यार्ड, धुळीचा लोट आणि पाऊण तास

22 सप्टेंबर 2018 च्या रात्री ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नॉर्मनमधल्या मैदानावर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ, म्हणजे आर्मी, अमेरिकन फुटबॉल खेळायला आला. ओक्लाहोमा त्या हंगामात देशात सर्वाधिक गुण करणारा कॉलेज संघ ठरला. त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन प्रत्येक चाल चालवणारा खेळाडू, कायलर मरे याला वर्षाअखेरीस सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली. अशा माणसाला रोखायचा आर्मीचा उपाय साधा होता: त्याच्या हाती चेंडूच लागू द्यायचा नाही. धावायचं, तीन-चार यार्ड घ्यायचे, पडायचं, सावकाश उठून रांग लावायची आणि पुन्हा धावायचं. 60 मिनिटांच्या सामन्यात 44 मिनिटं 41 सेकंद चेंडू आर्मीकडे होता. मरे आणि त्याचे सोबती जवळपास पाऊण तास बाकावर बसून राहिले. ठरलेली वेळ संपली तेव्हा फलक 21-21 दाखवत होता. जादा वेळेत ओक्लाहोमाने सामना 28-21 असा काढला, पण यजमानांचा जीव टांगणीला लागला होता.

या खेळाला कोणी रटाळ म्हणतं, कोणी शहाणपणाचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा वाद जवळजवळ खेळाइतकाच जुना आहे. आपल्याकडचे जे लोक तिकडे शिकायला-नोकरीला जातात आणि शरद ऋतूतल्या शनिवारी मित्रांच्या आग्रहाने टीव्हीसमोर बसतात, त्यांना पहिल्यांदा हेच कोडं पडतं: लांब फेकून झेलता येतो, तर हे लोक चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत का घुसतात?

उत्तराची सुरुवात 1881 मध्ये होते. त्या वर्षी प्रिन्स्टन आणि येल यांच्यात सामना झाला. चेंडू किती वेळ जवळ ठेवायचा याला तेव्हा मर्यादाच नव्हती. पहिला अर्धा खेळ प्रिन्स्टनने चेंडू धरून ठेवला, दुसरा अर्धा येलने. सामना 0-0. प्रेक्षक वैतागले, वर्तमानपत्रं वैतागली. येलचे वॉल्टर कॅम्प यांनी पुढाकार घेतला आणि 1882 मध्ये नियम आला: तीन संधींत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. पाच-पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा ओढाव्या लागल्या, मैदान जाळीसारखं दिसू लागलं आणि त्याला ‘ग्रिडआयर्न’ हे नाव चिकटलं. म्हणजे या खेळाचा सर्वांत मूलभूत नियमच मुळी कंटाळ्यावरचा उपाय म्हणून जन्माला आला.

चेंडू पुढच्या दिशेने फेकण्याची, म्हणजे पास देण्याची, तेव्हा परवानगी नव्हती. त्यामुळे पाच यार्ड मिळवायचे तर घुसायचं. 1892 मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ काढला: पाचरीच्या आकारात खेळाडू धावत येणार आणि एकाच बचावपटूवर कोसळणार. हाडं मोडत होती, माणसं मरत होती. 1905 च्या एका हंगामात किमान 18 जणांचा मृत्यू झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. खेळ माणसाळवा, हा त्यांचा आग्रह होता. 1906 पासून पुढच्या दिशेने पास फेकणं कायदेशीर झालं आणि पाचऐवजी दहा यार्डांची अट आली. चौथी संधी 1912 मध्ये मिळाली.

पास आला, पण त्याच्या पायात बेडी घालूनच. कोणाचाही हात न लागता पास जमिनीवर पडला, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याला. सप्टेंबर 1906 मध्ये सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला, तो पडला आणि चेंडू गेला. (त्याच सामन्यात पुढचा पास मात्र टचडाउन ठरला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेघेपलीकडे पोहोचला.) शिवाय तेव्हाचा चेंडू फुगीर होता, एका हातात धड मावत नसे. तो आजच्यासारखा निमुळता व्हायला 1934 उजाडलं. जुने प्रशिक्षक पासला नाकं मुरडत, याला आपण हेकेखोरपणा म्हणतो, पण त्यांच्या तरुणपणी पास हा खरोखरच जुगार होता. 1913 मध्ये नोत्र दामने गस डोराइस ते नूट रॉकनी अशा पासांच्या जोरावर आर्मीला 35-13 हरवलं. त्याने डोळे उघडले, सवयी मोडल्या नाहीत.

या सवयींचा सर्वांत मोठा पुजारी म्हणजे ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज. 1951 ते 1978 अशी 28 वर्षं त्यांनी तो संघ घडवला. त्यांच्या खेळाचं वर्णन ‘तीन यार्ड आणि धुळीचा लोट’ असं व्हायचं. पास फेकला की तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यातल्या दोन वाईट असतात, हे प्रसिद्ध वचन त्यांच्या नावावरही सांगतात आणि टेक्सासचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्या नावावरही. पास झेलला जातो, हुकतो किंवा शत्रू पळवतो. हिशेब बरोबर आहे. पण दुसराही एक हिशेब आहे. तीन संधींत तीन-तीन यार्ड म्हणजे नऊ. दहाला एक कमी. म्हणजे ‘तीन यार्ड’वाला संघ चौथी संधी वापरायची तयारी ठेवूनच मैदानात उतरायला हवा. ज्यांच्याकडे ही हिंमत नव्हती, त्यांचा धावता खेळ खरोखर रटाळ झाला: धाव, धाव, धाव आणि मग लाथ मारून चेंडू परत. रटाळपणाचा आरोप माझ्या मते अशांवर करावा. हेज यांच्याकडे आर्ची ग्रिफिन होता. 1974 आणि 1975 अशी लागोपाठ दोन हाइजमन मिळवणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू.

हेज यांचा शेवट वाईट झाला. 29 डिसेंबर 1978 च्या गेटर बोलमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या एका खास सामन्यात, क्लेम्सन 17-15 पुढे असताना ओहायो स्टेटचा पास पळवला गेला आणि हेज यांनी तो पळवणाऱ्या खेळाडूलाच ठोसा मारला. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. ज्या पासवर आयुष्यभर अविश्वास दाखवला, त्याच पासपाशी येऊन ही कारकीर्द संपावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

धावता खेळ बुद्धीचा खेळ झाला तो टेक्सासमध्ये. 1968 च्या उन्हाळ्यात रॉयल यांचे सहायक एमरी बेलार्ड यांनी ‘विशबोन’ रचना तयार केली. क्वार्टरबॅकच्या पाठीमागे फुलबॅक, त्याच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक हाफबॅक; तिघेही चेंडू घेऊन धावणारे. वरून पाहिलं तर कोंबडीच्या छातीतलं दुबेळकं हाड दिसावं. या रचनेतली ‘ट्रिपल ऑप्शन’ ही चाल सावकाश बघण्यासारखी आहे.

चेंडू हातात येताच क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी टेकवतो. क्षणभर चेंडूवर दोघांचेही हात असतात. क्वार्टरबॅकचे डोळे मात्र बचावफळीच्या टोकाच्या माणसावर असतात. त्या माणसाला मुद्दाम कोणीही अडवलेलं नसतं. तो फुलबॅकला पाडायला आत वळला, की क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि बाहेरच्या बाजूने पळतो. तो टोकाचा माणूस जागेवर थांबला, तर चेंडू फुलबॅककडेच राहतो आणि तो मधून घुसतो. बाहेर पळाल्यावर आणखी एक मोकळा सोडलेला बचावपटू समोर येतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला, तर चेंडू बाजूने हाफबॅककडे. तो हाफबॅककडे सरकला, तर क्वार्टरबॅक स्वतः पुढे. मोकळे सोडलेले दोघे काहीही करोत, चूकच ठरतात. त्यांना अडवायचं काम वाचलेले आपले गडी दुसरीकडे कामाला लागतात. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला जशी हूल देतात, तशी ही हूल. फरक इतकाच, की इथे हूल अकरा जण मिळून देतात आणि कुठे वळायचं ते समोरच्याच्या पहिल्या पावलावर ठरतं. सगळं दोन-अडीच सेकंदांत. चेंडूच्या मागे नजर धाववणाऱ्याला यात फक्त माणसांचा ढीग दिसतो. मोकळ्या सोडलेल्या त्या एका माणसाकडे बघायला शिकलात, की हा खेळ कंटाळवाणा वाटणं अशक्य आहे.

सुरुवात अडखळत झाली. ह्यूस्टनशी 20-20 बरोबरी, मग टेक्सास टेककडून हार. तेव्हा जेम्स स्ट्रीट क्वार्टरबॅक झाला आणि टेक्सासने सलग 30 सामने जिंकले. त्यातला सर्वांत गाजलेला 6 डिसेंबर 1969 चा, आर्कान्सॉविरुद्ध. राष्ट्राध्यक्ष निक्सन प्रेक्षकांत होते. शेवटचा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा अखेरचा पाव भाग, सुरू झाला तेव्हा टेक्सास 0-14 मागे होता. स्ट्रीट 42 यार्ड धावत टचडाउन करून आला, त्याच्या सहा गुणांच्या जोडीला दोन जादा गुणही घेतले: 8-14. थोड्या वेळाने आपल्याच 43 यार्डांच्या रेघेवर चौथी संधी, तीन यार्ड हवे. सगळ्या स्टेडियमला ठाऊक, टेक्सास धावणार. रॉयल यांनी लांब पास सांगितला. घोळक्यात स्ट्रीटने चाल समजावली ती रँडी पेशेलसाठी, पण पलीकडे आर्कान्सॉचे खेळाडू टक लावून बघत होते म्हणून नजर ठेवली दुसऱ्याच खेळाडूवर. 44 यार्डांचा पास पेशेलच्या हातात विसावला आणि टेक्सासने सामना 15-14 जिंकला. दिवसभर धावल्यामुळेच तो एक पास फळला. धावत्या खेळाचं सामर्थ्य मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं: तो समोरच्याला एकाच गोष्टीची इतकी सवय लावतो, की दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यातच येत नाही.

विशबोन पसरला. अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी 1971 मध्ये तो उचलला. त्याच वर्षी ओक्लाहोमाने सामन्यागणिक सरासरी 472.4 यार्ड धावून काढले, हा कॉलेज फुटबॉलचा विक्रम आहे. नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्न यांनी ऑप्शनची आपली तऱ्हा बसवली आणि 2 जानेवारी 1996 च्या फिएस्टा बोलमध्ये पासबहाद्दर फ्लोरिडाला 62-24 असं लोळवलं. नेब्रास्का त्या सामन्यात 524 यार्ड धावली. क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियरची 75 यार्डांची एक धाव तर आजही दाखवतात: एकामागून एक हात त्याच्यावर पडताहेत, गळून जाताहेत आणि त्याचे पाय थांबत नाहीत.

व्यावसायिक फुटबॉलची वाट वेगळी झाली. तिथेही एकेकाळी धावणारेच राजे होते. मायामी डॉल्फिन्सने 1972 चा हंगाम 17-0 असा अपराजित संपवला. जानेवारी 1974 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, त्यांच्या बॉब ग्रीसीने पूर्ण सामन्यात फक्त 7 पास फेकले. लॅरी झोंकाने 145 यार्ड धावून मिनेसोटाला 24-7 असं संपवलं. पण गुण आटत चालले. 1977 मध्ये दर संघामागे सरासरी 17.2 गुणांवर गाडी आली, 1942 नंतरची नीचांकी. प्रेक्षक आणि टीव्ही दोघांना राखून ठेवायचं तर काहीतरी करणं भाग होतं. 1978 मध्ये नियम बदलले: पास घ्यायला पळणाऱ्याला पाच यार्डांपुढे धक्के मारायचे नाहीत आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून, तळवे उघडे ठेवून अडवता येईल. पास एकदम स्वस्त आणि सुरक्षित झाला. 1881 सारखंच झालं. कंटाळा आला आणि नियमपुस्तक हललं.

आकडेवाल्यांनी उरलेलं काम केलं. त्यांचा पाया 1971 चा आहे. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांनी मैदानाच्या कोणत्या जागेवरून सरासरी किती गुण मिळतात, याचा हिशेब मांडला. हाच कार्टर सिनसिनाटीत बिल वॉल्श यांच्या हाताखाली छोट्या-छोट्या पासांचा खेळ खेळत होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत सुपर बोल जिंकून देणारी पद्धत ती हीच. नंतरच्या अभ्यासकांनी एक जुना गैरसमज खोडला. ‘जास्त धावणारे संघ जिंकतात’ असं आकडे दाखवत, पण कारण उलटं होतं: पुढे असलेला संघ घड्याळ संपवायला धावतो. आज व्यावसायिक खेळात एका धावेमागे साधारण साडेचार यार्ड मिळतात आणि एका पासमागे, हुकलेले पास धरूनसुद्धा, सहाच्या वर.

हे मान्य करूनही मी धावत्या खेळाच्या बाजूने उभा आहे. बचाव जेव्हा पास रोखायला हलका आणि चपळ होतो, तेव्हा धावणाऱ्याला वाट मोकळी मिळते. 2019 मध्ये बाल्टिमोर रेवन्सने 3,296 यार्ड धावून 1978 चा न्यू इंग्लंडचा विक्रम मोडला आणि 16 पैकी 14 सामने जिंकले. त्याच मोसमात सॅन फ्रान्सिस्कोने ग्रीन बेला 37-20 हरवून सुपर बोल गाठला, तो फक्त 8 पास फेकून. पण दोघांचीही पुढची हार विसरता येत नाही. प्ले-ऑफमध्ये मागे पडल्यावर रेवन्सला सावरता आलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोने कॅन्सस सिटीविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये 20-10 अशी आघाडी घालवली. घड्याळ आपल्या बाजूने असेल तोवर धाव हा सोबती आहे. उलटं फिरलं, की तो हात देत नाही.

म्हणूनच हा खेळ आज सर्वांत प्रामाणिकपणे टिकला आहे तो लष्करी अकादम्यांत. तिथला प्रत्येक खेळाडू पुढे अधिकारी होणार, त्याला शारीरिक चाचण्या द्यायच्या आहेत. दीडशे किलोंची भिंत उभी करणं त्यांना परवडत नाही. व्यावसायिक होऊ पाहणारे नामांकित पासपटूही तिकडे सहसा फिरकत नाहीत. ताकदीची बरोबरी होणार नसेल, तर समोरच्याला अडवायचंच नाही, चुकवायचं. ऑप्शन हेच तर शिकवतो. चेंडू जास्त वेळ धरला, की सामन्यातल्या चाली कमी होतात आणि बलाढ्य संघाला आपलं बळ दाखवायला वेळ पुरत नाही. नॉर्मनमध्ये त्या रात्री हेच घडलं.

नियमपुस्तक मात्र त्यांच्याकडेही वळलंच. हलक्या खेळाडूचं हत्यार म्हणजे समोरच्याच्या पायांत झेप घेऊन त्याला आडवं करणं. दुखापती होतात म्हणून 2022 मध्ये कमरेखालच्या या अडवणुकीवर कॉलेज फुटबॉलने कडक मर्यादा घातल्या. आर्मीने 2023 मध्ये जुनी रचना बाजूला ठेवून क्वार्टरबॅकला मागे उभं करणारी आधुनिक पद्धत धरली आणि हंगाम 6-6 असा संपला. 2024 मध्ये प्रशिक्षक जेफ मंकन पुन्हा जुन्या रचनेकडे वळले. क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने धावून 32 टचडाउन केले, आर्मीने टुलेनला 35-14 हरवून आपल्या इतिहासातलं पहिलं परिषदेचं, म्हणजे कॉलेज संघांच्या गटाचं (कॉन्फरन्स), विजेतेपद घेतलं आणि 12 सामने जिंकले. आर्मीने एका हंगामात इतके सामने त्याआधी कधीच जिंकले नव्हते.