थंडी हरवते ती रात्री

2024 हे वर्ष 1901 पासूनच्या नोंदींमधले भारतातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले, असे हवामान खात्याने 1 जानेवारी 2025 रोजी जाहीर केले. मथळे झाले ते सरासरी तापमान 0.65 अंश सेल्सिअसने जास्त असल्याचे. त्याच निवेदनातल्या आणखी दोन आकड्यांची मात्र फारशी चर्चा झाली नाही. देशाचे सरासरी कमाल तापमान होते 31.25 अंश, म्हणजे नेहमीपेक्षा 0.20 अंशाने जास्त. सरासरी किमान तापमान होते 20.24 अंश, म्हणजे तब्बल 0.90 अंशाने जास्त. दुपारच्या तुलनेत पहाटेची वाढ चौपटीहून अधिक होती.

हे आकडे पाहिले आणि लोकांच्या तक्रारींचा उलगडा झाला. ‘दिवाळीच्या पहाटे अंगावर पाणी घेताना पूर्वीसारखी हुडहुडी भरत नाही’, ‘संक्रांत आली तरी स्वेटर कपाटातच’ असे घरोघरी ऐकू येते. त्याला आठवणींचा खेळ म्हणून उडवून लावू नये. ऑक्टोबर 2024 मध्ये देशाचे किमान तापमान 21.85 अंश होते. त्या महिन्यात ते साधारण 20 अंश असते. थंडी हरवल्याची अशीच खूण जपानमध्येही दिसते. तिथल्या नागानो प्रांतात सुवा नावाचे सरोवर आहे. ते गोठून बर्फाला तडे गेले आणि त्यांतून उंचवटा उभा राहिला, की देव सरोवर ओलांडून गेला, असे तिथे मानतात. तिथल्या देवस्थानाचे पुजारी 1443 पासून या बर्फाची नोंद ठेवत आले आहेत. पूर्वी तो उंचवटा न दिसलेली वर्षे क्वचित असत. आता तो दिसणेच दुर्मीळ झाले असून 2018 नंतर सलग काही हिवाळे पुजाऱ्यांना उघडे पाणी पाहून परत फिरावे लागले.

मग रात्रीच जास्त का तापाव्यात? ‘सूर्यच तापलाय’ हे उत्तर अनेकांना पटते. सूर्याची आच वाढली असती, तर ती आधी दुपारी जाणवली असती. शिवाय वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, तोही तापला असता. प्रत्यक्षात तो गेली काही दशके थंड होतो आहे. ‘पृथ्वी अपसूर्य बिंदूकडे चालली आहे, हवामान बिघडणार, काळजी घ्या’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा निरोपही पुढे पाठवण्याच्या लायकीचा नाही. पृथ्वी दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर, सुमारे 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, सर्वांत जवळ, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. हे आपल्या पणजोबांच्या काळातही असेच होते.

खरे कारण कळण्यासाठी सूर्यास्तानंतर जमिनीवर काय घडते ते पाहावे लागते, आणि हवामानशास्त्रातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. ऊन गेले की जमिनीची मिळकत थांबते, खर्च मात्र सुरूच राहतो. 15 अंशांची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे 390 वॉट इतकी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. हवेतले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड या किरणांपैकी बरेच शोषतात आणि काही उष्णता पुन्हा खाली पाठवतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर वजाबाकी करून जमीन चौरस मीटरला 80 ते 100 वॉट गमावते. दाट, खालचे ढग आले की हाच तोटा 10-20 वॉटवर येतो. आभाळ भरलेल्या रात्री गारठा का नसतो, त्याचे हे उत्तर.

जमीन गार झाली की तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड, त्यामुळे ती खालीच बसून राहते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवा येते. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. हिवाळ्याच्या सकाळी गावातल्या चुलींचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरलेला दिसतो, तो याच झाकणाखाली अडकलेला असतो. दुपारी तापलेली हवा वर उसळते आणि दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंतची सगळी हवा ढवळली जाते. रात्री मात्र जमिनीशी जोडलेला थर उरतो जेमतेम 100 ते 300 मीटरचा. गॅस तेवढाच ठेवून हंडाभर पाण्याऐवजी पेलाभर पाणी तापवले तर काय होईल, ते सांगायला नको.

आकडे मांडून बघू. एका चौरस मीटरवरच्या 200 मीटर उंच हवेचे वस्तुमान सुमारे 240 किलो. ती एक अंशाने तापवायला साधारण 2 लाख 40 हजार जूल लागतात. कार्बन डायऑक्साइडसारख्या हरितगृह वायूंमुळे खाली येणारी उष्णता 2 वॉटने वाढली, तर 12 तासांत 86,400 जूल जमा होतात, म्हणजे 0.36 अंशाची वाढ. तेवढीच उष्णता दुपारच्या 1,500 मीटर थरात मिसळली तर वाढ होते 0.05 अंशाच्या आसपास. खऱ्या रात्रीत काही उष्णता जमिनीत मुरते, वारा सुटला की थर मोडतो, दव पडले की बाष्पातली उष्णता मोकळी होते. त्यामुळे उत्तर इतके सरळ येत नाही. पण गणिताची दिशा हीच. कार्बन डायऑक्साइड वाढला तर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी होईल, हे स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने 1896 मध्येच लिहून ठेवले होते. 1951 ते 1990 या काळातल्या जगातल्या सुमारे 37 टक्के भूभागाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा किमान तापमान 0.84 अंशाने आणि कमाल 0.28 अंशाने वाढलेले आढळले.

भारताची शंभर वर्षांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, हेही सांगायला हवे. 1901 पासूनचा एकूण कल पाहिला तर आपल्याकडे कमाल तापमानच अधिक वाढले आहे. किमान तापमानाने वेग घेतला तो अलीकडच्या दशकांत. त्यामुळे 2024 च्या एका वर्षावरून नियम बनवू नये.

महाराष्ट्रात यात बाष्पाची भर पडते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तरेकडून कोरडे वारे येत असतात तोवर पारा उतरत जातो. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झाले, वारे पूर्वेचे-आग्नेयेचे झाले आणि ढग आले, की दोन दिवसांत गारठा पळतो. 30 नोव्हेंबर 2024 ला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर डिसेंबरच्या सुरुवातीला राज्यात हेच झाले. म्हणून लोकांना हवामान लहरी वाटते: एका आठवड्यात शेकोटी, पुढच्या आठवड्यात पंखा.

पिकांना तर रात्र आपल्यापेक्षा जास्त कळते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने कमावलेल्या साखरेतला काही भाग झाड रात्री श्वसनात खर्च करते आणि रात्र उबदार असेल तर हा खर्च वाढतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरच्या 1992 ते 2003 च्या नोंदींत, हंगामातले किमान तापमान एका अंशाने वाढले की भाताचे उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटलेले दिसले. कमाल तापमानाशी असा स्पष्ट संबंध आढळला नाही. कोकणातल्या हापूसलाही मोहर धरायला गार रात्री लागतात. त्या लांबल्या की मोहर लांबतो. आणि थंडी तुकड्या-तुकड्याने आली, तर फळे धरलेल्या झाडावर पुन्हा मोहर फुटतो, झाडाचे अन्न त्याच्याकडे वळते आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्या गळून पडतात. बागायतदार या पुनर्मोहराला घाबरतो ते यामुळेच. डिसेंबरात तो दुपारच्या उन्हाकडे पाहत नाही, रात्रीचा पारा किती उतरला ते विचारतो.