पश्चात्ताप (ख्रिस्ती)

मोठा अपराध हातून झाला की माणसाला आधी टोचणी लागते, मग धसका बसतो, आणि त्यानंतर तो माघारी वळला तर त्याला बायबलमध्ये पश्चात्ताप म्हणतात. वळला तरच. हिब्रूतल्या शूव या क्रियापदाचा साधा अर्थच परत फिरणं, आणि नव्या करारातल्या ग्रीक मेटानोइयाचा मन पालटणं, त्यामुळे नुसतं रडणं यात धरत नाहीत.

नुसता धसका बघायचा तर आदामाचा मुलगा काइन (उत्पत्ती 4). सख्ख्या भावाला, हाबेलाला, शेतात मारलं, आणि शिक्षा ऐकल्यावर रडगाणं काय, तर ही मला सोसवणार नाही, जो भेटेल तो मला मारून टाकेल. हाबेलाचं नाव नाही तोंडात! तरी त्याला कोणी मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूण करतो, म्हणजे ती खूण संरक्षणाची, पण लोक सर्रास शापाचा डाग म्हणून सांगतात.

दावीद राजाचं प्रकरण जास्त काळं. आपलाच सैनिक उरीया, त्याची बायको बथशेबा हिच्याशी संबंध, ती गरोदर राहिल्यावर उरीयाला लढाईत सगळ्यात पुढे उभं करून मारवलं, आणि वर गप्प (2 शमुवेल 11-12). मग नाथान संदेष्टा येतो आणि आरोप न करता एक गोष्ट सांगतो, गरिबाची एकच मेंढी, त्याच्याच ताटातलं खायची, कुशीत झोपायची, ती शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. राजा भडकतो, चौपट भरून दे म्हणतो, आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच. नवापूर, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवर ही गोष्ट फार समजावावी लागत नाही, पडवीत शेळी बांधलेलीच असते, म्हणून एखादा पाळक (मंडळीचा धर्मगुरू) सरळ मेंढीची शेळी करून टाकतो. क्षमा मागणारं 51 वं स्तोत्र दाविदाने याच प्रसंगानंतर रचलं असं मानतात.

येशूचे दोन शिष्य, यहूदा आणि पेत्र, मात्र शेजारी ठेवूनच वाचावेत. येशूला पकडून देण्यासाठी घेतलेली चांदीची 30 नाणी यहूदाने मंदिरात फेकली, चूक कबूलही केली, पण गेला तो गळफास घ्यायला. पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं, कोंबडा आरवला, बाहेर जाऊन ढसाढसा रडला, आणि नंतर सरोवराकाठी कोळशाच्या विस्तवापाशी येशूने तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाने यातला फरक एका ओळीत सांगून टाकलाय, एक दुःख तारणाकडे नेतं, दुसरं मरणाकडे (2 करिंथ 7:10).

खान्देशातल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) हे सगळं प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, दिवशी वर येतं. आधी स्वतःला पारखा मग भाकर खा हे वचन वाचलं जातं, कोणी उभं राहून अहिराणीत 'मनी चूक व्हयनी' एवढंच बोलून खाली बसतं, आणि कोणी भीतीने भाकरीच्या ताटातलं काही न घेता ते तसंच पुढे सरकवतं. मत्तय 5 प्रमाणे खरं तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायचा असतो, आणि बांधावरून वाद असलेला भाऊ बऱ्याचदा त्याच सतरंजीवर, दोन माणसं सोडून बसलेला असतो.