शाप-स्तोत्रांची पार्श्वभूमी: फिर्याद कुणाकडे, शिक्षा किती?

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत आणि विलाप म्हटला की शत्रू आलाच. पण ३५, ५८, ६९, ८३, १०९ आणि १३७ ही स्तोत्रे नुसते गाऱ्हाणे घालून थांबत नाहीत. शत्रूचे दात पाड, त्याची मुले पोरकी होवोत, त्याचे नाव पुसले जावो, असे त्यांत सरळसरळ मागितले आहे. यिर्मया संदेष्टा (१८:२१-२३) आणि यहूदी पुढारी नहेम्या (४:४-५) यांनीही अशाच प्रार्थना केल्या. वैऱ्यावर प्रीती करा असे शिकवणाऱ्या धर्माच्या प्रार्थनापुस्तकात हे कसे, हा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर शोधायला आधी त्या काळच्या न्यायव्यवस्थेत डोकावावे लागते.

प्राचीन इस्राएलात पोलीस नव्हते, सरकारी वकील नव्हता. तंटा नगराच्या वेशीत बसलेल्या वडीलमंडळींपुढे चाले आणि निकाल साक्षीवर ठरे. त्यामुळे गरिबाला संपवायला दोन खोटे साक्षीदार पुरत. नाबोथ नावाच्या मळेवाल्याचे तेच झाले (१ राजे २१): दोघांनी खोटी साक्ष दिली, त्याला दगडमार झाला आणि द्राक्षमळा अहाब राजाच्या घशात गेला. कायदा मात्र स्पष्ट होता. खोट्या साक्षीदाराने दुसऱ्याचे जे वाईट योजले असेल, तेच त्याच्या वाट्याला यावे (बायबलमधले ‘अनुवाद’ हे नियमांचे पुस्तक, १९:१६-२१). ‘डोळ्याबद्दल डोळा’ तिथलाच. त्याने शिक्षेचे माप बांधून दिले. एका डोळ्यासाठी दोन फोडायचे नाहीत.

हे कलम शेजारी ठेवून १०९वे स्तोत्र वाचावे. दुसऱ्याच ओवीत खोटी जीभ येते. सहाव्या ओवीत आरोप करणारा उजव्या हाताला उभा राहतो, सातवीत निकाल विरुद्ध जातो, आठवीत पद जाते, नववीत बायको विधवा होते, अकरावीत सावकार सगळे गिळतो. दोषी ठरलेल्या माणसाच्या घरादाराचे जे व्हायचे, त्याची ही क्रमवार यादी आहे. कारण सोळाव्या ओवीत: या माणसाने दीनदुबळ्याचा जीव जाईपर्यंत पाठलाग केला. आणि शेवटच्या, ३१व्या ओवीत गरिबाच्या उजव्या हाताला खुद्द परमेश्वर उभा राहतो. सहावी आणि एकतिसावी सोबत वाचली नाही तर स्तोत्र अर्धेच कळते.

इथे अभ्यासकांत एक मतभेद आहे. १ ते ५ ओव्यांत शत्रू अनेकवचनी आहे, ६ ते १९मध्ये एकवचनी, विसावीत पुन्हा अनेकवचनी. म्हणून काहीजण मधला भाग शत्रूंनी स्तोत्रकर्त्याला दिलेले शाप मानतात. तो ते देवापुढे जसेच्या तसे मांडतो आहे. ‘ते शाप देवोत, पण तू आशीर्वाद दे’ या अठ्ठाविसाव्या ओवीशी हे जुळते. तरी विसावी ओवी तोच मोबदला शत्रूंसाठी मागते, म्हणून हा मार्ग पत्करूनही धार पूर्ण बोथट होत नाही.

वेशीत निकाल लागला नाही तर प्रकरण देवासमोर जाई. मंदिरात वेदीपुढे शपथ घ्यायची आणि दोषी कोण हे देवाने ठरवायचे, अशी सोय शलमोन राजाच्या प्रार्थनेत आहे (१ राजे ८:३१-३२). सातव्या स्तोत्रात फिर्यादी म्हणूनच आधी स्वतःला शाप देतो: मी अपराध केला असेन तर शत्रूने मला तुडवावे. ही पायरी गाळून आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचे नाव स्तोत्रात घालणे ही नेहमीची चूक. २००९मध्ये अमेरिकेत बराक ओबामांसाठी प्रार्थना करा म्हणून १०९:८ छापलेले स्टिकर गाड्यांवर लागले होते. आठवी ओवी पद जावो म्हणते. नववीत मुले पोरकी होतात.

शापांची भाषाही एकट्या इस्राएलात घडलेली नाही. करार मोडणाऱ्यावर शाप लिहून ठेवणे ही त्या प्रदेशाची रीत होती. अश्शूरच्या एसरहद्दोन राजाच्या इ.स.पू. ६७२च्या करारात लोखंडासारखी जमीन आणि पितळेचे आकाश आहे. अनुवाद २८:२३मध्येही तेच.

१३७व्याची गोष्ट वेगळी; तिथे युद्ध आहे. इ.स.पू. ५८७-५८६च्या सुमारास बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेम पाडले. शेजारचे अदोमी ‘पाया उघडा पडेपर्यंत पाडा’ म्हणून ओरडत होते. नववी ओवी बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणते; मुले अशी आपटून मारणे ही तेव्हाच्या सैन्यांची प्रत्यक्ष क्रूरता होती. होशेय आणि नहूम हे संदेष्टेही तिचा उल्लेख करतात. आठवी ओवी बाबेलने केले तेवढेच परत मागते. मागणी शब्दशः पुरी झाली नाही. इ.स.पू. ५३९मध्ये पर्शियाचा राजा कोरेश याचे सैन्य लढाईशिवाय शहरात शिरले, अशी बाबेलच्याच बखरीत नोंद आहे.

बायबलच्या ‘नवा करार’ या ख्रिस्ती भागात ही स्तोत्रे टाकून दिलेली नाहीत. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या जागी दुसरा नेमताना येशूचा शिष्य पेत्र ६९ आणि १०९ उद्धृत करतो (प्रेषितांची कृत्ये १:२०). प्रेषित पौल सूड देवावर सोडा म्हणतो आणि लगेच भुकेल्या शत्रूला जेवू घाला असे सांगतो (रोम १२:१९-२०).

पुढे ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) या ओव्या जड गेल्या. ओरिगेन या आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंताने बाबेलची मुले म्हणजे मनात नुकतेच उगवलेले वाईट विचार असा अर्थ लावला. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीत ते विचार ख्रिस्तरूपी खडकावर आपटायचे आहेत. ऑगस्टीन या धर्मपंडिताने हे शाप भाकिते मानली. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७८४मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी केलेल्या उपासनापुस्तकातून कितीतरी स्तोत्रे काढूनच टाकली. उलट नाझींना विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने ११ जुलै १९३७ रोजी, त्याचाच सहकारी पाळक नीमोलर याच्या अटकेनंतर दहा दिवसांनी, ५८व्यावरच प्रवचन दिले.

कॅथलिक प्रहर-प्रार्थनेच्या (दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांच्या) १९७०च्या सुधारणेत ५८, ८३ आणि १०९ पूर्ण वगळली गेली. लॅटिन बायबलमध्ये या स्तोत्रांचे क्रमांक एकाने मागे असल्याने ती ५७, ८२, १०८ येतात. जुन्या पुस्तकात शोधताना इथेच घोळ होतो. १३७ सहाव्या ओवीवर थांबते. १३९मधून १९ ते २२ काढल्या आहेत, आणि ही कात्री चुकली असे वाटते. बाविसावीत ‘मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो’ म्हणणारा तेविसावीत ‘देवा, माझे अंतःकरण तपास’ म्हणतो. मधला द्वेष काढल्यावर देवाने नेमके काय तपासायचे, तेच त्या पानावर उरत नाही.